पंचवीसच्या वरचं अंतर

फुटबॉल क्लबच्या बैठकीच्या खोलीत सव्वीस खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या तेवीस भरल्या होत्या. समोरच्या भिंतीवर एक पडदा होता, छताला एक प्रोजेक्टर, खिडकीच्या कठड्यावर पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका, वरचं प्लास्टिक अर्धंच फाडलेलं. शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीला दोन कुबड्या टेकवून ठेवल्या होत्या. पडद्यावर चौदा उभ्या पट्ट्या होत्या, परवाच्या सामन्यात खेळलेल्या प्रत्येकाची एक. तेरा निळ्या, एक हिरवी. हिरवी इतकी उंच होती की तिचं टोक पडद्याच्या वरच्या कडेला जवळजवळ लागलं होतं. तिच्याखाली अकरा हा आकडा होता.

"अकरा नंबर, उभा राहा," कोच म्हणाले.

अकरा नंबर उभा राहिला. तो एकोणीस वर्षांचा होता, डाव्या कडेने खेळायचा आणि मोठ्या संघातला हा त्याचा पहिलाच हंगाम होता. अंगकाठीमुळे सगळे त्याला काडी म्हणत.

"ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर पळालेलं अंतर, तीनशे एक्याण्णव मीटर," कोच म्हणाले. "हे यंत्र आपल्याकडे आल्यापासून एवढा आकडा कुणाचाच आलेला नाही. तुम्हा बाकीच्यांना काही वाटतं का रे? पोरगा आहे तो."

"काडी पेटली एकदाची!" गोलकीपर ओरडला. खोली हसली आणि टाळ्या सुरू झाल्या.

सगळ्यांत जोरात टाळ्या मागून येत होत्या. तिथे काका बसले होते, डावा पाय समोरच्या खुर्चीवर लांब केलेला, मांडीला पट्टा. पडद्यावरची सगळ्यांत बुटकी पट्टी त्यांची होती, तीन नंबर. टाळ्यांच्या धक्क्याने एक कुबडी सरकून जमिनीवर पडली, तरी ते थांबले नाहीत.

"पोरानं माझ्या वाटचंही पळून घेतलं," काका म्हणाले.

आता खोली आणखी जोरात हसली. काडी खाली बसला. त्याचे कान तापले होते. त्याला लाजाळू समजून शेजारच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, जिथे सामन्याच्या वेळी ते यंत्र असायचं.

यंत्र आगपेटीएवढं होतं. सामन्याआधी प्रत्येकजण जर्सीच्या आत एक आखूड, घट्ट बंडी घालायचा. बंडीच्या पाठीवर खिसा, खिशात यंत्र. सामना संपला की आकडेवाला सगळी यंत्रं गोळा करायचा आणि लॅपटॉपला जोडायचा. आकडेवाला हे काही त्याचं नाव नव्हतं, पण त्याचं नाव विचारायला कुणाला सुचलंही नव्हतं. कोण किती पळालं, किती वेगाने पळालं, कुठे थांबलं, हे सगळं त्यातून निघायचं.

हंगामाच्या सुरुवातीला कोचनी काडीला बोलावून सांगितलं होतं, "विंगर मी दोन गोष्टींवर तोलतो. चेंडू पायाशी असताना काय करतो आणि चेंडू नसताना किती जोरात पळतो. पहिलं मला दिसतं. दुसरं यंत्र सांगतं. पंचवीसच्या वर तीनशे मीटर तरी हवेत. तुझा करार एका वर्षाचा आहे, हे मी तुला सांगायला नको."

काडीचे दोनशेच्या आसपास यायचे. तो आळशी नव्हता. पण चेंडू त्याच्याकडे कमी यायचा, आणि चेंडू नसताना नक्की कुठे पळायचं हे त्याला अजून नीट उमगलं नव्हतं. ते अंगात मुरायला वर्षं लागतात.

मग एका सामन्यात, अपघातानेच, त्याला एक शोध लागला. त्याला पास मिळाला, तो सुटला, आणि लोकांच्या गोंगाटात ऑफसाइडची शिट्टी त्याला ऐकूच आली नाही. तो एकटाच गोलपर्यंत पळत गेला आणि त्याने चेंडू जाळ्यात मारलासुद्धा. मागे वळला तेव्हा दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभे होते आणि आख्खं मैदान हसत होतं. त्या दिवशी त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सोमवारी मात्र त्याचा आकडा पहिल्यांदाच दोनशे ऐंशीच्या वर गेला.

"शिट्टीनंतरचं पण धरता का तुम्ही?" त्याने आकडेवाल्याला विचारलं.

"यंत्राला कुठे शिट्टी ऐकू येते?" आकडेवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

काडी हसला नाही. एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष वहीत उतरवून घ्यावा तसं त्याने ते मनात उतरवून घेतलं.

त्यानंतरच्या सामन्यांत तो अशा वेळी पळू लागला जेव्हा पळण्याचा काही उपयोग नसे. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की तो हात उंचावून कडेने सुसाट सुटायचा. गोलकीपर उजवीकडेच फेकणार हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. कुणी जखमी होऊन पडलं आणि बाकीचे पाणी प्यायला सावकाश चालत निघाले की हा लांबच्या टोकाच्या बाटलीकडे धाव घ्यायचा. पलीकडच्या बाजूला थ्रो-इन असला तर हा इकडे आपल्या जागेवर असा धावत परतायचा की जणू घराला आग लागली आहे. लोकांना ते फार आवडायचं. "बघा, बघा, कसा जीव तोडून पळतोय!" असं कुणीतरी पहिल्या रांगेतून ओरडायचं. आकडा तीनशेच्या वर गेला आणि वरच राहिला.

पायांत जेवढा जोर असतो तेवढाच असतो. इथे उधळला की तिथे कमी पडतो. हे समजायला फार अक्कल लागत नाही आणि काडीला ते समजलंही होतं. त्याने फक्त त्यावर विचार करायचं टाळलं.

त्याच कडेला, त्याच्या मागे, काका खेळत. लेफ्ट बॅक. चौतीस वर्षांच्या माणसाला काका म्हणणं दुसऱ्या कुठल्याही धंद्यात अपमान ठरला असता. इथे तो मान होता. त्यांच्या पायांत आता वेग उरला नव्हता, पण कुठे उभं राहायचं ते त्यांना चेंडू येण्याआधी कळायचं. प्रत्येक सामन्याआधी ते काडीला एकच वाक्य सांगत, "माझ्या हाकेच्या टप्प्यात राहा. बाकी मग आकाशात उड."

परवाच्या सामन्यात, शेवटची काही मिनिटं राहिली असताना, संघ एका गोलने पुढे होता. गोलकीपरने चेंडू पकडला. काडी सुटला, हात वर, थेट समोरच्या कॉर्नरच्या झेंड्याकडे. गोलकीपरने नेहमीसारखा चेंडू उजवीकडे फेकला. तिथे तो सहकाऱ्याच्या पायातून निसटला, आणि समोरच्या संघाने एकाच लांब लाथेत तो मोकळ्या कडेला पाठवला. मोकळी कडा म्हणजे काडीची.

"काडी!" काकांनी हाक मारली.

हाक त्याला ऐकू आली, पण अगदी बारीक, शेजारच्या इमारतीतून कुणी बोलवावं तशी. तो थांबला, वळला आणि पळायला लागला. तेव्हा त्याला कळलं की पाय उचलत नाहीत. काकांसमोर दोघे आले होते. ते पहिल्याकडे गेले, पहिल्याने दुसऱ्याला दिला, काका वळले आणि दुसऱ्याच्या मागे धावले. गेल्या दोन वर्षांत ते असे धावले नसतील. पाचव्या की सहाव्या पावलाला त्यांचा हात मांडीच्या मागे गेला. तरी त्यांनी पुढची दोन पावलं टाकली, आडवे पडले आणि बुटाच्या टोकाने चेंडू रेषेबाहेर ढकलला.

गोल झाला नाही. झाला असता तर सोमवारी तेवढा तुकडा पडद्यावर दहादा मागेपुढे करून दाखवला असता आणि रिकामी डावी बाजू सगळ्यांच्या डोळ्यांत आली असती. काकांनी गोल वाचवला, म्हणून तो तुकडा कुणी पाहिलाच नाही.

त्याच आठवड्यात क्लबने काडीशी दोन वर्षांचा नवा करार केला. त्याने सही केली.

रविवारी तो घरी जेवायला गेला. बाबा लिफ्टची दुरुस्ती करत. रविवार असूनही त्यांच्या नखांत वंगण होतं. ताई औषधांच्या दुकानात काम करायची आणि आईच्या मते तिथे गोळ्यांपेक्षा टोमणे जास्त वाटायची.

"कामावर आमच्या खोलीत लावलाय तुझा फोटो," बाबा म्हणाले. "क्लबनं टाकला होता ना, त्या आकड्याचा. साहेबानं स्वतः छापून आणला. कंट्रोल पॅनलच्या वर चिकटवलाय."

"काढा तो, बाबा."

"का? चांगला आलाय की."

"दूध आणायला पाठवलं की याचे पाय दुखायचे," ताई म्हणाली. "तिकडे म्हणे सगळ्यांत जास्त पळाला. यंत्र तपासून घ्या म्हणावं."

"तू गप गं," आई म्हणाली. "खाऊ दे त्याला. बघ कसा वाळलाय."

"वाळलेला नाही, आई, तो मूळचाच तसा आहे."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पण मला एक सांग. सगळ्यांत जास्त आकडा म्हणजे सगळ्यांत जास्त काम तूच केलंस, असंच ना?"

"जास्त पळालो."

"तेच ते."

"तेच नाही, बाबा."

बाबा आईकडे वळले. त्यांचा चेहरा फुलला होता. "बघितलंस? एवढं करूनही जमिनीवर आहे पोरगं."

काडीने मान खाली घातली आणि ताटातलं संपवलं. त्याला चव लागली नाही, पण उरलं असतं तर आईने कारण विचारलं असतं.

फिजिओबाईंची खोली ड्रेसिंग रूमच्या मागे होती. एक उंच पलंग, एक बर्फाची पेटी, भिंतीवर स्नायूंचं एक चित्र, त्यातल्या माणसाला कुणीतरी पेनाने मिशा काढलेल्या. काका आता कुबड्यांशिवाय चालत होते. हंगाम संपायला काही आठवडे होते आणि हंगामाबरोबरच त्यांचा करारही संपणार होता. क्लबने त्यांना सरळ सांगितलं होतं: शेवटच्या आठवड्यात पायांची ताकद मोजू. दुखरा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर आला तर आणखी एक वर्ष. नाही आला तर निरोप.

"एक वर्ष हवंय मला," काका म्हणायचे. "मुलगी चार वर्षांची आहे. शाळेत बाईंनी विचारलं, बाबा काय करतात? तर म्हणाली, बर्फ लावतात."

पाय बळकट करायचा एक व्यायाम असा होता: गुडघ्यांवर उभं राहायचं आणि पाठ न वाकवता हळूहळू पुढे झुकायचं, शक्य तितकं हळू. मागून कुणीतरी घोटे घट्ट दाबून धरावे लागतात. फिजिओबाईंनी ड्रेसिंग रूमच्या दारात येऊन कुणीतरी दणकट माणूस मागितला, आणि काडी उठला.

"तू?" बाई म्हणाल्या. "काका पुढे पडले की तू गलोलीतल्या दगडासारखा सुटशील."

"धरेन मी."

"येऊ द्या हो त्याला," काका आतून म्हणाले. "कोवळी पोरं हल्ली म्हाताऱ्यांना कुठे विचारतात."

तो रोज सरावानंतर जाऊ लागला. घोट्यांवर दोन्ही हात ठेवून, त्यांवर छातीचा भार टाकून तो ओणवा बसायचा. तिथून त्याला काकांचा चेहरा दिसत नसे आणि काकांना त्याचा. हे सोयीचं होतं. मांडीच्या मागचा स्नायू ताणला जायचा तेव्हा तो थरथरायचा, आणि ती थरथर घोट्यांतून काडीच्या तळहातांत यायची. तो ती सहन करायचा. आपण काहीतरी फेडतोय असं त्याला अधूनमधून वाटायचं. मग काका "थँक्यू रे" म्हणायचे आणि ते वाटणं संपायचं.

एक दिवस दोन फेऱ्यांच्या मधे काका टाचांवर बसले आणि मागे न बघता म्हणाले, "एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"तू समोर होतास त्या दिवशी. तुला सगळं दिसलं असणार. तो दुसरा सुटला तेव्हा मी किती उशिरा वळलो?"

काडीने त्यांच्या घोट्यांवरची पकड पुन्हा जुळवली.

"रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर येतं," काका म्हणाले. "कुणाला विचारावं तर म्हणतात, छे हो काका, काहीतरीच काय. तू सांग."

खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरे होतं. काका वेळेत वळले होते. त्यांच्याहून लवकर कुणालाच वळता आलं नसतं. चूक एवढीच होती की दोघांसमोर ते एकटे होते. पण ते का एकटे होते हा त्याच वाक्याचा दुसरा भाग होता, आणि पहिला भाग दुसऱ्याशिवाय सांगता येत नव्हता.

"थोडंसंच," काडी म्हणाला. "एखादं पाऊल."

"एक पाऊल." काकांनी मान हलवली. "मलाही तसंच वाटलं होतं. बरं झालं सांगितलंस. बाकी सगळे गोड बोलतात."

आणि ते पुन्हा पुढे झुकले.

दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, गाड्या लावायच्या जागेच्या मागे काडीला ते दिसले. डांबरावर चार बाटल्या मांडून ते त्यांच्यामधून पळत होते, वळत होते, पुन्हा पळत होते. प्रत्येक वळणावर त्यांचा चेहरा आक्रसत होता.

"काका, वळायचं नाही म्हणून बाईंनी बजावलंय ना?"

"बाईंना पाय दुरुस्त करायचाय." काकांना धाप लागली होती. "मला ते पाऊल दुरुस्त करायचंय. कुठे बोलू नकोस."

"पण पाय—"

"अरे, पाय बरा झाला आणि मी मात्र तसाच उशिरा वळत राहिलो तर कुणाला काय फायदा? चल, बाटली सरक ती. जरा लांब. अजून लांब."

काडीने बाटली सरकवली.

चार दिवसांनी काका पुन्हा लंगडत आले. फिजिओबाईंनी मांडी दाबली, पुन्हा दाबली आणि चष्मा डोक्यावर चढवला.

"हे कशानं झालं? पंधरा दिवस मागे गेलात तुम्ही."

"झोपेत आखडला."

"झोपेत? कुस्ती खेळता की काय झोपेत?" बाईंनी काडीकडे पाहिलं. "तुला काही माहीत आहे का रे?"

काडीने भिंतीवरच्या मिशाळ माणसाकडे बघत मान हलवली. नाही.

मैदानावर तो आता निराळा खेळत होता. काकांच्या जागी आलेल्या नव्या लेफ्ट बॅकच्या हाकेच्या टप्प्यात तो राहायचा, गोलकीपरच्या हातात चेंडू असताना जागेवरच थांबायचा. त्याचा आकडा पुन्हा दोनशेच्या जवळ आला. "यंत्र बदलून बघू का?" आकडेवाल्याने काळजीने विचारलं. कोच म्हणाले, "सही झाल्यावर पाय जड होतात काही जणांचे." सगळ्या ड्रेसिंग रूमसमोर म्हणाले. काडीला ते बोलणं लागलं नाही. उलट कुणीतरी आपल्याला काहीतरी वाईट बोललं म्हणून त्याला जरा हलकंच वाटलं. पण ते चुकीच्या कारणासाठी होतं, हे त्याला कळत होतं.

ताकद मोजायच्या दिवशी काका लवकर आले होते. पलंगावर पालथे झोपून, हनुवटी हातांवर टेकवून वाट बघत होते. मोजायचं यंत्र तळहाताएवढं होतं, एका बाजूला मऊ गादी, दुसऱ्या बाजूला आकडे. पालथं झोपलेल्या माणसाने गुडघा वाकवून टाच मागे ओढायची आणि बाईंनी टाचेवर यंत्र धरून तिला अडवायचं. त्या वेळी कंबर उचलली जाऊ नये म्हणून ती दाबून धरायला दुसरं माणूस लागायचं.

"ये," काका म्हणाले. "शेवटचा दिवस तुझ्या नोकरीचा."

"काका, आज येतील नव्वद," काडी म्हणाला. बोलायचं म्हणून.

"आले तरी मी कोचना सांगणार आहे, नवा माणूस घ्या." काका शांतपणे बोलत होते, दुकानात काय आणायचं ते सांगावं तसं. "काल ठरवलं. बायकोलाही सांगितलं. पाय भरून येईल रे. ते पाऊल नाही भरून येत. तूच म्हणालास ना, एक पाऊल. या खेळात एक पाऊल म्हणजे संपलंच."

फिजिओबाई कपाटातून यंत्र काढत होत्या. त्यांची पाठ वळलेली होती. काडीने काकांच्या कमरेवर हात ठेवले होते, पण दाबले नव्हते.

"तुम्ही उशिरा वळला नाहीत," तो म्हणाला.

"हं?"

"त्या दिवशी. तुम्ही वेळेत वळलात. मी खोटं सांगितलं."

बाईंचा हात कपाटात थांबला.

"मी तिथे नव्हतो म्हणून दोघे आले तुमच्यावर. मी उगाच पुढे पळालो होतो. चेंडू येणार नाही हे माहीत होतं मला. आकड्यासाठी पळालो. यंत्राला शिट्टी कळत नाही, चेंडूही कळत नाही. कित्येक सामने मी तेच करत होतो. तुम्ही हाक मारलीत तेव्हा मला पळता येईना, पायांत काही उरलंच नव्हतं."

काकांनी हनुवटी हातांवरून उचलली. वळून पाहिलं नाही.

"किती होता तो आकडा? पडद्यावरचा?"

"तीनशे एक्याण्णव."

"त्यातले खरे किती?"

"नक्की नाही सांगता येणार. निम्मे असतील."

"निम्मे," काका म्हणाले. बाहेर कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. "टाळ्या वाजवल्या रे मी. कुबडी पडली तरी वाजवल्या."

"हो."

"आणि त्या बाटल्या. तूच सरकवल्यास."

"हो."

"कोचना सांगितलंस?"

"नाही. आज सांगणार आहे."

"आज म्हणजे आज? की मला सांगितलंस तसं, सगळं आटोपल्यावर?"

काडीने काकांच्या कमरेवरचे हात काढून घेतले आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"मी दुसऱ्या कुणाला बोलावते," फिजिओबाई म्हणाल्या.

"नको," काका म्हणाले. त्यांनी कपाळ पलंगाला टेकवलं. आवाज गादीतून आला. "मला पुढचं वर्ष हवंय, बाई. आता हवंय. तू, दाब कंबर. आणि माझ्याशी बोलू नकोस."

काडीने दोन्ही हात ठेवले आणि सगळा भार टाकला.

उजवा पाय आधी. प्रत्येक पायाला तीन संधी, त्यांतला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. उजव्या पायाचा सगळ्यात मोठा आकडा दोनशे अडुसष्ट आला.

मग डावा. पहिल्यांदा एकशे ब्याण्णव. काकांनी श्वास सोडला, टाच पुन्हा उचलली. दुसऱ्यांदा एकशे नव्व्याण्णव. बाईंनी जरा वेळ थांबायला सांगितलं. काकांनी मान हलवली, थांबायचं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी पलंगाच्या दोन्ही कडा मुठीत धरल्या, त्यांची पाठ लाकडासारखी ताठ झाली, आणि काडीला आपल्या हातांखाली ते सगळं अंग एकाच दिशेने ओढलं जाताना कळलं.

दोनशे सात.

फिजिओबाईंनी मोबाइल काढला आणि दोनशे सातला दोनशे अडुसष्टने भागलं. सत्त्याहत्तर टक्के.